चित्रमहर्षी दादासाहेब फाळके

धावत्या मुलाचे छायाचित्र कधी धूसर येते, तर कधी त्याचा उचललेला पाय हवेतच थांबल्यासारखा स्पष्ट दिसतो. याचे कारण कॅमेऱ्याच्या शटरात, म्हणजे प्रकाश आत सोडणाऱ्या झडपेत आहे. झडप सेकंदाच्या पाचशेव्या भागापुरतीच उघडली, तर तेवढ्यात पाय फारसा हलत नाही, म्हणून तो स्थिर उमटतो. ती अर्धा सेकंद उघडी राहिली, तर पायाच्या साऱ्या हालचाली एकमेकींत मिसळतात. काळाच्या या मोजमापाचे मर्म ओळखून त्यासाठी ज्यांनी सर्वस्व पणास लावले, ते धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके होत.

त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे एका संस्कृत पंडिताच्या घरी झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व बडोद्याच्या कलाभवनात शिकून त्यांनी गोध्रा येथे छायाचित्रणाचा धंदा मांडला. परंतु प्लेगने पत्नी व अपत्य हिरावून नेले आणि तो धंदा मोडला.

पुढे १९११ च्या सुमारास मुंबईत प्रभू येशूच्या चरित्राचा चित्रपट त्यांच्या पाहण्यात आला. त्या काळी दर सेकंदास सुमारे सोळा चित्रे घेत; प्रत्येक चित्रासाठी झडप क्षणभर उघडे, आणि पडद्यावर ती चित्रे भराभर दाखविली म्हणजे माणसे चालू-बोलू लागल्याचा भास होई. आपल्या देशाच्या कथाही अशाच दाखवाव्या, या ध्यासाने त्यांची झोप उडाली. अहोरात्र श्रमांमुळे काही काळ त्यांची दृष्टीही गेली. औषधोपचाराने ती परत आली. मग विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली ते लंडनला गेले व विद्या आणि कॅमेरा घेऊन परतले.

तथापि भांडवल कोण देणार? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा एकाच जागी रोवून ठराविक वेळाने एकेक चित्र घेत सुमारे महिनाभर वाट पाहिली. ती चित्रे सलग दाखविताच अंकुर फुटून रोप डोळ्यांदेखत वाढू लागले! धावता पाय थांबविणाऱ्या यंत्राने या वेळी न दिसणारी संथ गती दृश्य केली होती. ते पाहून भांडवल मिळाले. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, फिल्म धुण्याचे कामही केले. आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला.

१६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे देहावसान झाले. अखेरच्या दिवसांत वैभव उरले नव्हते. कीर्ती मात्र उरली.

बालमित्रहो, आपल्या फुलपाड्याच्या परसात वालाचा वेल रोज वाढतो, पण त्याची वाढ कोणास दिसत नाही. तुमच्या अभ्यासाचेही तसेच आहे. पालकांनीही एका दिवसाच्या चित्रावरून मुलाची परीक्षा करू नये. महिनाभर वाट पाहावी, म्हणजे अंकुर दिसेल.