मला जमेल का? – लक्ष्मीबाई टिळकांच्या आयुष्यातून एक पाठ



वर्गात आपल्याला सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य कोणतं? माझ्या मते, मला नाही येत, बाई. फळ्याजवळ बोलावलं की येतं, निबंध लिहायला सांगितला की येतं, वक्तृत्व स्पर्धेत नाव घालू का विचारलं की तर हमखास येतं. इथे कोथरूडमध्ये पालकसभेला बसलं की तेच वाक्य मोठ्यांच्या तोंडून ऐकू येतं: आमच्या मुलाला हे जमणारच नाही. आणि खरं सांगायचं तर आपण शिक्षकसुद्धा काही वेगळे नाही. नवीन इयत्ता मिळाली, नवीन विषय अंगावर आला, की रात्री पाठ टेकताना आपल्याही मनात हाच प्रश्न येतो.

या भीतीशी एका बाईने आयुष्यभर कसा व्यवहार केला, ते आज तुम्हाला सांगायचं आहे. नाव तुम्हाला माहीत आहे, लक्ष्मीबाई टिळक. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या. त्यांच्या विनोदाचे, प्रांजळपणाचे धडे आपण शिकवतो. पण त्या ज्या वाटेने गेल्या, त्या ख्रिस्ती सेवेच्या वाटेवर प्रत्येक वळणाला आपली पात्रता किती, हा प्रश्न उभा होता, याकडे आपलं फारसं लक्ष जात नाही.

जलालपूरची मनू

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 साली नाशिकजवळच्या जलालपूरला झाला. माहेरचं आडनाव गोखले, नाव मनकर्णिका, म्हणजे घरातली मनू. वडिलांचं सोवळं फार कडक. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, याला शिवायचं नाही, त्याची सावली नको. मुलींना शाळेत घालायचा तर प्रश्नच नव्हता. अकराव्या वर्षी मनूचं लग्न झालं आणि ती लक्ष्मी होऊन नारायण वामन टिळकांच्या घरी आली.

नवरा कवी, विद्वान, तापट आणि लहरी. पैसा हातात टिकायचा नाही. एका गावी नोकरी धरायची, सोडायची, मधेच कुठेतरी निघून जायचं. याच नवऱ्याने बायकोला अक्षरओळख करून दिली. पण ही शिकवणी काही नियमित चालली नाही. कधी सुरू, कधी बंद. त्यामुळे लक्ष्मीबाई वाचायला शिकल्या, मोडकंतोडकं लिहायलाही शिकल्या, पण जोडाक्षरं लिहिताना त्या अडखळत राहिल्या. पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या ताईंना हे लगेच कळेल! ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पाच वर्षांची ताटातूट

10 फेब्रुवारी 1895 ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आज आपण ही तारीख सहज वाचतो. तेव्हा त्या एका बातमीने एक घर फुटलं. लक्ष्मीबाई सत्तावीस वर्षांच्या आतल्या, पदरात चार वर्षांचा दत्तू. नवरा जिवंत आहे, पण त्याच्या हातचं पाणीही चालत नाही, अशी अवस्था. काही वर्षं त्यांनी नातेवाइकांच्या आधाराने, पंढरपूरला काढली.

याच दुःखाच्या काळात त्या कविता जुळवू लागल्या. ओव्या, अभंग, आर्या त्यांच्या कानावर लहानपणापासून पडलेल्या होत्या. शाळा नव्हती, पण कान तयार होता.

हळूहळू त्या टिळकांकडे नगरला आल्या. तेही एकदम नाही. आधी वेगळं राहणं, वेगळा स्वयंपाक, वेगळं पाणी. मग एकेक बंधन सैल होत गेलं. इथे एक गोष्ट मुलांना जरूर सांगा: त्यांनी नवऱ्याच्या मागे डोळे मिटून धर्म बदलला नाही. आधी त्यांच्या मनातून जात गेली. माणसामाणसांत ही भिंत देवाने घातलेली नाही, असं त्यांना स्वतःला पटलं. त्यानंतर 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांनंतर पाच वर्षांनी, स्वतःच्या पायांनी चालत.

त्याच 1900 साली, आपल्या कोथरूडच्या शेजारी हिंगण्याला महर्षी कर्व्यांनी विधवांच्या आश्रमासाठी झोपडी उभारली. कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई स्वतः विधवा असताना पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. म्हणजे पाहा, ज्या बायकांना काही येत नाही असं सगळं जग सांगत होतं, त्या बायका त्याच सुमारास ठिकठिकाणी पाटी-पेन्सिल हातात घेत होत्या. लक्ष्मीबाई त्यांच्यातल्याच, फक्त त्यांची शाळा म्हणजे त्यांचं घर होतं.

घर हीच शाळा

ख्रिस्ती लोकांत एक शब्द आहे, पाचारण. देवाने एखाद्या कामासाठी माणसाला बोलावणं, असा त्याचा अर्थ. टिळकांना पाचारण स्पष्ट दिसत होतं. ते नगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करत, शिकवत, कीर्तनं करत, भक्तिगीतं लिहीत. पुढे 'ज्ञानोदय'च्या मराठी भागाचं संपादनही त्यांनी केलं. आणि लक्ष्मीबाई? ना इंग्रजी, ना संस्कृत, ना धर्मशास्त्राचा अभ्यास. मिशनमध्ये परदेशी, शिकलेल्या बायका. त्यांच्यामध्ये जलालपूरच्या गोखल्यांच्या मुलीने काय करायचं?

जे येत होतं, ते त्यांनी केलं. दुष्काळ आला, प्लेग आला. आईबाप गेलेली मुलं घरात आली, त्यांना त्यांनी जेवू घातलं, न्हाऊ-माखू घातलं. आजाऱ्यांची सेवा केली. ज्या मुलीला लहानपणी कुणाला शिवायचं नाही असं शिकवलं होतं, ती आता कुणाचंही पोर कडेवर घेत होती. बालकवी ठोंबरे टिळकांच्या घरी राहायला आले, तेव्हा त्या हळव्या मुलालाही त्यांनी आईची माया दिली.

या कामाला कुणी पदवी देत नाही. पण मला वाटतं, लक्ष्मीबाईंचं पाचारण इथेच सुरू झालं. आपण मुलांना नेहमी सांगतो, मोठं काहीतरी कर. मोठं काम बहुतेक वेळा लहान कामाच्या वेषात येतं, हे सांगायचं मात्र राहून जातं.

1919 : अर्धी राहिलेली वही

9 मे 1919 ला टिळक गेले. लक्ष्मीबाई तेव्हा एक्कावन्न वर्षांच्या किंवा त्याच्या अलीकडे-पलीकडे. पोटासाठी त्यांनी काही काळ मुंबईत मुलींच्या वसतिगृहात मेट्रनचं काम केलं, मग मुलाच्या कुटुंबासोबत कराचीला गेल्या.

टिळकांचं एक मोठं स्वप्न मागे राहिलं होतं. रामायणासारखं ख्रिस्ताचं चरित्र मराठी ओवीत लिहायचं. त्याचं नाव 'ख्रिस्तायन'. मराठीत ही कल्पना अगदी नवी नव्हती. फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूने गोव्यात 'ख्रिस्तपुराण' लिहिलं होतं, ते 1616 साली छापलंही गेलं. पण स्टीफन्स विद्वान, टिळक विद्वान. टिळकांचे दहा-अकरा अध्याय झाले होते आणि लेखणी थांबली होती. आता पुढे कोण लिहिणार?

इथे क्षणभर थांबा आणि स्वतःला त्या जागी ठेवून पाहा. ज्या कवीच्या भाषेला सगळा महाराष्ट्र मान देत होता, त्याचं अर्धं काव्य समोर. ते पुरं करायचं आहे जोडाक्षरांपाशी अडणाऱ्या हाताने. लोक तुलना करणार हे तर उघड आहे. पहिल्या अध्यायांत टिळक, पुढच्या अध्यायांत त्यांची न शिकलेली बायको. कुणीही म्हणालं असतं, नको रे बाबा, आहे ते तसंच राहू दे.

बायबल वाचणाऱ्यांना हा प्रसंग ओळखीचा वाटेल. मोशेला देवाने फारोपुढे जायला सांगितलं, तेव्हा त्याने आपली जीभ जड आहे अशी सबब सांगितली. यिर्मयाने आपण अजून लहान आहोत, आपल्याला बोलता येत नाही, असं म्हटलं. दोघांचं म्हणणं खोटं नव्हतं. गंमत अशी की, देवाने मोशेची जीभ बदलली नाही. त्याच्या जोडीला भाऊ अहरोन दिला आणि जा म्हणून सांगितलं. म्हणजे उणीव तशीच राहिली, काम मात्र सुरू झालं.

लक्ष्मीबाईंचंही तसंच झालं. त्यांची उणीव काही गेली नाही. पण लहानपणापासून कानात साठलेली ओवी त्यांच्याजवळ होती, घरात ऐकलेलं बायबल होतं, आणि अनेक वर्षांचा संसार होता, ज्यात दुष्काळ, मरण, उपास, माया सगळं पाहून झालं होतं. तेवढ्या भांडवलावर त्यांनी लिहायला घेतलं. त्यांनी 'ख्रिस्तायना'त किती अध्यायांची भर घातली माहीत आहे? 64. महिन्याला एक अध्याय धरला तरी पाच वर्षांहून जास्त काळ होतो. हे काम एका दिवसाच्या धाडसाचं नव्हे. रोज उठून पुन्हा वही उघडण्याचं आहे.

न शिकलेल्या बाईंचं पुस्तक

पुढे त्यांच्या मुलाला, देवदत्तांना, वडिलांच्या आठवणी हव्या होत्या. आईने सांगाव्यात, म्हणजे टिळकांचं चरित्र नीट होईल. आईने आठवणी लिहायला घेतल्या. त्यांतून नवऱ्याच्या चरित्राबरोबर एका बाईचं आत्मचरित्र तयार झालं. तेच 'स्मृतिचित्रे'. 1934 पासून ते भागाभागाने पुस्तकरूपात आलं. वाचणारे चकित झाले. इतकं सोपं, इतकं खरं, इतकं हसवणारं आणि मधेच डोळ्यांत पाणी आणणारं मराठी गद्य त्यांनी क्वचितच वाचलं होतं.

आता त्या जोडाक्षरांची आठवण करा. लक्ष्मीबाई संस्कृत शिकल्या असत्या, तर कदाचित त्यांनीही त्या काळच्या लेखकांसारखी जड, अलंकारिक भाषा लिहिली असती. त्यांना ती येत नव्हती. म्हणून त्या जशा बोलत तशाच लिहीत गेल्या. ज्या गोष्टीची लाज वाटावी असं जगाने सांगितलं होतं, तीच गोष्ट मराठीला हवी होती. स्वतःची फजिती सांगताना त्या आढेवेढे घेत नाहीत. आपल्याला काय येत नव्हतं, हे त्या हसत हसत सांगतात. आणि जो आपलं अज्ञान हसत सांगू शकतो, त्याला भीती फार वेळ धरून ठेवू शकत नाही.

पण यावरून शिक्षणाची गरज नाही, असा अर्थ कुणी काढू नका बरं का! लक्ष्मीबाईंना शिकायला मिळालं नाही, हा अन्यायच होता. मुलीला शाळेपासून दूर ठेवणाऱ्यांना त्यांच्या यशाचं श्रेय देता येणार नाही. त्यांना पूर्ण शिक्षण मिळालं असतं, तर त्यांनी आणखी काय काय लिहिलं असतं, हा प्रश्न मला नेहमी छळतो.

24 फेब्रुवारी 1936 ला लक्ष्मीबाई गेल्या. पुढे विजया मेहतांनी 'स्मृतिचित्रे'वर दूरदर्शनसाठी चित्रपट केला, इंग्रजीत भाषांतरं झाली. जलालपूरची मनू साता समुद्रापार पोचली.

मग आपण काय घ्यायचं?

पहिली गोष्ट, भीती वाटणं म्हणजे कमीपणा नाही. मोठ्या कामासमोर ज्याला काहीच भीती वाटत नाही, त्याला ते काम कळलेलंच नसतं. तेव्हा मूल घाबरलं, तर त्यात घाबरण्यासारखं काय आहे, असं म्हणून त्याची भीती उडवून लावू नका.

दुसरी गोष्ट, आधी लायक होऊ आणि मग सुरू करू, हा हिशेब कधी पुरा होत नाही. लक्ष्मीबाई लिहिता लिहिता लेखिका झाल्या. सेवा करता करता सेविका झाल्या. मला नाही येत म्हणणाऱ्या मुलाला एवढंच विचारा, बरं, यातलं काय येतं? तिथून सुरुवात करा.

तिसरी गोष्ट पालकांसाठी. 'स्मृतिचित्रे' जन्माला आलं, कारण घरातल्या कुणालातरी आईच्या आठवणी ऐकायच्या होत्या. मुलाने आईला लिहितं केलं. आपल्या घरात कोण कुणाला लिहितं करतंय? आजीला विचारा, आईला विचारा. मुलांना सांगा, या रविवारी आजीची एक आठवण तिच्याच शब्दांत लिहून आण. शुद्धलेखनाचे गुण त्या दिवशी कापू नका.

आणि शेवटी थोडं श्रद्धेबद्दल. तुम्ही कोणत्याही धर्माचे असा किंवा नसा, लक्ष्मीबाईंना जी गोष्ट कळली ती समजून घेण्यासारखी आहे. त्यांना बोलावणाऱ्याने आधी त्यांची परीक्षा घेतली नव्हती. जोडाक्षरांसकट, विनोदासकट, रडण्यासकट, त्या जशा होत्या तशाच त्या हव्या होत्या. आपल्यासमोर बाकावर बसलेल्या प्रत्येक मुलालाही कुठेतरी एवढंच ऐकायचं असतं. ते त्याने आपल्याकडून ऐकलं, तर उद्या फळ्याकडे येताना त्याचे पाय जरा कमी अडखळतील.

वर्गात चर्चेसाठी काही प्रश्न:

1. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घ्यायला पाच वर्षं का लावली असतील?
2. शाळेत न जाता त्या कोणकोणत्या गोष्टी शिकल्या?
3. अर्धं राहिलेलं 'ख्रिस्तायन' पुरं करताना त्यांच्याजवळ काय नव्हतं आणि काय होतं? दोन याद्या करा.
4. तुम्हाला कशाची भीती वाटते? त्या कामातला कोणता छोटा भाग तुम्ही आजच करू शकता?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर आधी आपण स्वतः वहीत लिहू या, मग मुलांना विचारू या.