बार्शीचे मेहबूब, मुंबईचे अमर शेख

गेल्या स्नेहसंमेलनाच्या वेळची गोष्ट आहे. आठवीतील एका मुलाला मी पोवाडा बसवून देत होतो. आवाज चांगला, पाठांतर चोख. चार दिवस तालीम झाली आणि पाचव्या दिवशी त्याचे वडील शाळेत आले. गृहस्थ सज्जन, बोटीवर नोकरीला, सुट्टीवर घरी आलेले. त्यांनी अगदी आदबीने विचारले की मुलाने नात म्हटली, तराना म्हटला तर आम्हांला आनंदच आहे, पण पोवाडा हे काही आपले काम नव्हे. मुसलमानाच्या मुलाने तो कशाला गावा? मला त्या वेळी धड उत्तर देता आले नाही. उत्तर द्यायचे तर एका माणसाचे सारे आयुष्य सांगावे लागले असते. ते सांगण्याची संधी संस्थेच्या या स्मरणिकेने दिली, म्हणून हा लेख.

त्या माणसाचे नाव शाहीर अमर शेख. जुन्या पिढीतील वाचकांपैकी ज्यांनी मुंबईत नोकऱ्या केल्या, गिरणीत वा गोदीत घाम गाळला, त्यांना हे नाव नवे नाही. परंतु आज आपल्या शाळेतील मुलांना विचारावे तर दहांतील एखादाच सांगू शकेल. त्या एकालाही ते मुसलमान होते एवढेच माहीत असते, किंवा नेमके तेवढेच माहीत नसते.

त्यांचे खरे नाव मेहबूब हुसेन पटेल. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे २० ऑक्टोबर १९१६ रोजी त्यांचा जन्म झाला. घर गरिबीचे. आई मुनेरबी हिला लोकगीते तोंडपाठ होती. जात्यावर बसल्यावर बाईच्या तोंडून जे येते ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसते, आणि मेहबूब यांची पहिली शाळा ही अशी आईच्या गळ्यात होती. आपल्या कोकणातही लग्नघरी म्हाताऱ्या बायका हळदीला, मेंदीला बसून तासन्‌तास गातात. त्या गाण्यांत अर्धी कोकणी, अर्धी उर्दू असते आणि आपण शिकलेली माणसे ती ऐकून हसतो. आपल्याच घरात बसलेल्या मुनेरबीकडे आपले लक्ष नाही, एवढेच येथे सुचवितो.

पोटासाठी मेहबूब यांनी मिळेल ते काम केले. मोटारगाडीवर क्लीनर म्हणून राबले, पुढे गिरणीत लागले. बार्शीच्या गिरणी कामगारांच्या संपात ते पुढे झाले आणि त्यापायी त्यांना तुरुंग पाहावा लागला. विसापूरच्या तुरुंगात त्यांची गाठ कम्युनिस्ट कार्यकर्ते रघुनाथ कऱ्हाडकर यांच्याशी पडली आणि तेथून त्यांच्या विचारांना दिशा लागली. ज्या वयात आपली मुले कॉलेजच्या प्रवेशासाठी धावपळ करतात, त्या वयात या तरुणाला तुरुंग हेच विद्यापीठ मिळाले. पुढे ते कोल्हापुरात मास्टर विनायक यांच्या चित्रसंस्थेत काही काळ होते. मित्रमंडळींनी दिलेले अमर शेख हे नाव तेव्हापासून त्यांना जे चिकटले ते कायमचेच.

मग मुंबई. चाळीसच्या दशकातील मुंबई म्हणजे गिरण्यांची मुंबई. परळ, लालबाग, नायगाव, शिवडी या भागांत देशावरचे आणि कोकणातले लाखो कामगार दाटीवाटीने राहत होते. एकेका खोलीत दहा-पंधरा गडी, पाळीपाळीने झोपायचे, खाणावळीत जेवायचे. मदनपुऱ्यात विणकर मोमीन वस्ती होती, तर डोंगरी-माझगावच्या बाजूला आपले कोकणी खलाशी आणि गोदीवाले. रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरलेल्या कितीतरी पोरांची पहिली रात्र अशाच एखाद्या खोलीत गेली आहे. एप्रिल-मे महिन्यांत त्या खोल्यांत झोपणे अशक्यच होई. माणसे गॅलरीत, गच्चीवर, पदपथावर पथारी टाकीत. रात्री उशिरापर्यंत सारी वस्ती जागी असे. हातात पैसा नाही, गावी जाण्याजोगे भाडे नाही आणि डोळ्याला झोप नाही, असा हा हजारो तरुणांचा समुदाय होता. त्याला दारूचा गुत्ता तरी ओढून नेणार किंवा दुसरे काहीतरी.

ते दुसरे काहीतरी म्हणजे कलापथक. १९४३ साली मुंबईत भारतीय जननाट्य संघ, म्हणजे इप्टा, स्थापन झाला होता. बंगालच्या दुष्काळाचे ते वर्ष. त्यानंतर १९४४ च्या सुमारास अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर या तिघांनी लाल बावटा कलापथक उभे केले. अण्णाभाऊ मातंग समाजातील, वाटेगावचे, शाळेत जेमतेम पाऊल टाकलेले. अमर शेख बार्शीचे मुसलमान. या त्रिकुटाची जात कोणती, धर्म कोणता हे विचारण्याची ऐकणाऱ्याला सवड मिळत नसे, कारण डफावर थाप पडली की मैदान भरून जाई.

कलापथक चालते कसे ते विद्यार्थ्यांनी समजून घेण्यासारखे आहे. त्याला नाटकगृह लागत नाही, पडदा लागत नाही. दोन बाकडी जोडली किंवा मालट्रकची फळी पाडली की रंगमंच तयार. साहित्य म्हणजे डफ, तुणतुणे, झांज, ढोलकी, फार तर एखादी पेटी. मुख्य शाहीर पुढे उभा राहतो आणि त्याच्या मागे झीलकरी असतात. शाहिराने ओळ टाकली की झीलकऱ्यांनी ती उचलायची आणि जी जी जी करीत सुरात भर घालायची. शाहिराचा दम भरून येतो तो या झीलकऱ्यांच्या जोरावर. म्हणून कलापथकात एकट्या हुशार मुलाचे काही चालत नाही. ज्याला मोठा आवाज नाही त्यालाही जागा असते, ज्याला लिहिता येत नाही त्यालाही असते, आणि पाळी संपवून थकून आलेला गिरणीतला पोरगाही झील धरू शकतो. जुन्या तमाशातील गण, गौळण, बतावणी, वग हा साचा अण्णाभाऊंनी घेतला, परंतु गौळण गाळली आणि गणात देवाच्या जागी मातृभूमीला आणि कष्टकऱ्यांना वंदन घातले. चाळकऱ्यांच्या अडचणी, सावकार, महागाई, दंगली हे सारे त्या वगांत येऊ लागले. लोकांना आपलेच जगणे समोर उभे दिसले.

अमर शेख दिसायला भरदार आणि आवाज पहाडी. हजारोंच्या सभेत त्यांना ध्वनिक्षेपकाची गरज पडत नसे, असे त्यांना ऐकलेले लोक सांगत असत. आचार्य अत्रे यांनी त्यांची तुलना रशियाचा क्रांतिकवी मायकोव्हस्की याच्याशी केली होती. अत्र्यांच्या लेखणीला अतिशयोक्तीचे वावडे नव्हते हे खरे, तथापि ही उपमा त्यांनी उगीच दिली नसावी.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली, लाल बावटा कलापथकावरही गदा आली. तेव्हा अण्णाभाऊंनी तमाशालाच लोकनाट्य हे नाव देऊन त्याला पुन्हा उभे केले. अमर शेख गातच राहिले आणि पुढे त्यांचे स्वतःचे कलापथक झाले. या काळात त्यांनी लेखनही पुष्कळ केले. ‘अमर गीत’ हा गीतसंग्रह आणि ‘पहिला बळी’ हे नाटक १९५१ सालचे, ‘कलश’ हा काव्यसंग्रह १९५८ चा आणि ‘धरतीमाता’ १९६३ चा. ‘युगदीप’ व ‘वख्त की आवाज’ ही नियतकालिकेही त्यांनी संपादित केली. अत्र्यांच्या ‘महात्मा फुले’ या चित्रपटात आणि १९६१ च्या ‘प्रपंच’मध्ये त्यांनी कामे केली. औपचारिक शिक्षण जवळजवळ नसलेल्या माणसाची ही यादी आहे. आम्हां पदवीधरांना ती थोडी खजील करणारी आहे.

परंतु महाराष्ट्राने त्यांना खऱ्या अर्थाने ओळखले ते संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला, पंधरा माणसे मारली गेली. त्यानंतरच्या काही महिन्यांत हुतात्म्यांचा आकडा शंभराच्या वर गेला. फेब्रुवारी १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली आणि मुंबईसह मराठी राज्याची मागणी गावोगाव पोहोचली. ती पोहोचविली कोणी? अत्र्यांच्या भाषणांनी आणि वर्तमानपत्राने पोहोचविली हे आपण वाचतो. परंतु ज्यांना वर्तमानपत्र वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत ती शाहिरांच्या डफाने गेली. आपला जिल्हा तेव्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई. रायगड हे नाव १९८१ मध्ये मिळाले. येथे शेतकरी कामगार पक्षाचा जोर होता आणि तो पक्ष समितीत होता. म्हणजे या लढ्याचे वारे आपल्या खाडीकाठापर्यंतही आले होते.

येथे मला जरा थांबावेसे वाटते. देशाची फाळणी होऊन आठ-नऊ वर्षेच झाली होती. मुसलमानाकडे संशयाने पाहणारे डोळे चहूकडे होते, आणि आपल्यातील पुष्कळ लोक सार्वजनिक जीवनातून अंग चोरून घेत होते. त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. तो काळ मी पाहिलेला नाही. पण त्याच काळात शेख आडनावाचा हा माणूस मराठी राज्याचे गाणे घेऊन हजारोंच्या पुढे उभा राहत होता आणि लोक ते आपले गाणे म्हणून उचलून धरीत होते. त्यांनी नाव बदलून हिंदू नाव घेतले नाही. शेख हा शब्द नावात ठेवूनच ते अमर झाले. गोवा मुक्तीच्या आंदोलनातही ते गायले. १९६२ मध्ये चीनने आक्रमण केले तेव्हा आणि पुन्हा १९६५ च्या पाकिस्तानशी झालेल्या युद्धात त्यांनी कार्यक्रम करून संरक्षण निधी जमा केला. १९६५ च्या त्या निधीला मुसलमान शाहिराच्या बाबतीत किती वजन होते हे पालकांना मी सांगायला नको.

पोवाडा हे आपले काम नव्हे, या शंकेकडे पुन्हा वळतो. मुळात शाहीर हा शब्दच अरबी शाइर यावरून आला. पेशवाईच्या अखेरच्या काळातील नामवंत शाहीर सगनभाऊ हे जेजुरीचे मुसलमान, शिकलगार. त्याही आधी श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिला. आणि डफाचे म्हणाल तर कोकणातल्या मुसलमानाला डफ कोणी शिकविण्याची गरज आहे काय? रातिबाला आपल्याकडे जो वाजतो तो डफच ना? हेतू निराळा, जागा निराळी, हे मान्य. अमर शेखांचे सगळेच विचार आपल्या सर्व वाचकांना पटतील असेही नाही. ते कम्युनिस्ट चळवळीत वाढलेले, त्यांनी हिंदू घरातील मुलीशी विवाह केला, आणि धर्माच्या बाबतीत त्यांची वाट नेहमीची नव्हती. माझ्या वडिलांना ते पटले नसते. परंतु एखाद्या माणसाकडून सारेच घ्यावे लागते असे थोडेच आहे?

आज आपली मुले मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईला मामाकडे, काकाकडे जातात. खोली पूर्वीइतकी भरलेली नसते, डोक्यावर पंखा असतो, पण मुलगा दिवसभर मोबाईल हातात धरून कोपऱ्यात पडलेला असतो. खाली पटांगण असते, शेजारच्या इमारतीत त्याच वयाची आठ-दहा मुले असतात, आणि महिनाभरात त्यांची एकमेकांशी ओळखही होत नाही. सुट्टीनंतर मी वर्गात विचारतो तेव्हा मुले मॉलचे नाव सांगतात, माणसाचे नाव सांगत नाहीत. झीलकरी मिळाले असते तर त्यांतला एखादा शाहीर निघाला असता की नाही, कोण जाणे.

१९६९ हे साल मराठी शाहिरीला फार वाईट गेले. १३ जूनला आचार्य अत्रे गेले. १८ जुलैला अण्णाभाऊ साठे गेले, तेही दारिद्र्यात. आणि २९ ऑगस्टला इंदापूरजवळ अपघातात अमर शेख गेले. वय अवघे बावन्न. अकरा आठवड्यांत संयुक्त महाराष्ट्राचे तीन आवाज बंद झाले. अमर शेख यांची कन्या मल्लिका तेव्हा बारा वर्षांची होती. पुढे त्या मराठीतील नावाजलेल्या कवयित्री झाल्या. मुंबई विद्यापीठात शाहीर अमर शेख यांच्या नावाचे अध्यासन आहे, आणि जो कधी कॉलेजात गेला नाही त्याच्या नावाखाली आज लोककलेचा अभ्यास होतो.

आठवीतल्या त्या मुलाच्या वडिलांना मी दुसऱ्या दिवशी यातले थोडेसे सांगितले. ते सारे पटले असे त्यांनी म्हटले नाही. बराच वेळ गप्प बसले, मग तालीम किती वाजता सुटते एवढेच विचारले. मगरिबच्या आत मुलगा घरी आला पाहिजे, एवढीच त्यांची अट होती. आम्ही तालीम असरनंतर लगेच ठेवली. झील धरायला त्याच वर्गातली आणखी चार मुले आपणहून आली, त्यांतली दोन कोळीवाड्यातली.