कोंड्याचा मांडा करणाऱ्या ओरोसाबाई



रविवारी दुपारी ऑर्चर्ड रोडवरच्या लकी प्लाझात पाय ठेवायला जागा नसते. सिंगापुरात कामासाठी आलेल्या फिलिपिनो मंडळींचा तो हक्काचा अड्डा. तिथल्या वाणसामानाच्या दुकानांत लालभडक केचपच्या बाटल्या दिसतात. लेबल नीट वाचलं तर लक्षात येतं की यात टोमॅटो नाहीच, केळी आहेत! आपल्यापैकी कितीतरी घरांत ही बाटली मदतीला असलेल्या फिलिपिनो ताईंबरोबर आली आणि मुलांनी ती कधी आपलीशी केली ते आपल्याला कळलंही नाही. या केचपचं श्रेय ज्यांना दिलं जातं त्या मारिया ओरोसा यांची ओळख या वेळी करून द्यावी असं आम्हाला वाटलं. निगुतीनं संसार करणाऱ्या बाईला आपल्याकडे कोंड्याचा मांडा करणारी म्हणतात. ओरोसाबाईंच्या बाबतीत त्यातला कोंडासुद्धा खराखुरा होता, हे पुढे येईलच.

त्यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८९३ चा, बातांगास प्रांतातल्या ताल गावचा. तेव्हा फिलिपीन्सवर स्पेनचं राज्य होतं. मारिया पाच वर्षांच्या होईतो स्पेन गेला आणि अमेरिका आली. १९१६ साली त्या अमेरिकेला शिकायला गेल्या, सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात. तरुण मुलगी, एकटी, बोटीनं पॅसिफिक ओलांडून! त्याच सुमारास आपल्याकडे पुण्यात महर्षी कर्व्यांचं महिला विद्यापीठ नुकतं सुरू होत होतं, म्हणजे काळाची कल्पना यावी. शिक्षणाचा खर्च भागवायला त्यांनी पडेल ते काम केलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत अलास्कातल्या मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यांत राबल्या. औषधी रसायनशास्त्र आणि अन्नरसायनशास्त्र या विषयांत पदव्या घेतल्या. आमच्या मते विद्यापीठाइतकाच तो कारखानाही त्यांना पुढे उपयोगी पडला असणार.

शिक्षण संपल्यावर वॉशिंग्टन राज्याच्या सरकारी रसायनतज्ज्ञांच्या हाताखाली नोकरी चालून आली होती. परदेशात शिकून तिथेच चांगली नोकरी मिळणं म्हणजे काय, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. बाई ती सोडून १९२२ साली मायदेशी परतल्या. (आम्ही काही परतलो नाही, तेव्हा त्यावर जास्त बोलत नाही!)

घरी येऊन पाहतात तो काय, बाजारात अमेरिकेहून आलेले डबे. फळं डब्यातली, मासे डब्यातले, आणि परसात मात्र केळी, फणस, आंबे कुजून जाताहेत. पिकतं तेव्हा उतू जातं आणि नंतर खायला नाही. त्यांनी सरकारी विज्ञान खात्यात, पुढे वनस्पती उद्योग खात्यात काम करताना याच प्रश्नाला हात घातला. कसाव्याचं आणि केळ्याचं पीठ केलं, म्हणजे गव्हाचं पीठ आयात करायला नको. आपल्या इथल्या ओल्या बाजारात मिळणारी छोटी लिंबं, ज्यांना मलायमध्ये लिमाऊ कस्तुरी आणि तिकडे कालामान्सी म्हणतात, त्यांची पूड केली. घरचं आडोबो डब्यात बंद करून टिकवण्याची रीत बसवली. टोमॅटो त्या हवेत फारसा नीट पिकत नाही, म्हणून साबा जातीची केळी, व्हिनेगर, साखर आणि मसाले घेऊन केचप केलं. साबा म्हणजे आपल्या राजेळी केळ्यासारखं शिजवून खायचं केळं. त्याचा रंग काही लाल येत नाही, तो बाहेरून घालतात. बाटलीबंद केचपचा धंदा पुढे १९४२ मध्ये दुसऱ्याच एका गृहस्थांनी उभा केला.

पण प्रयोगशाळेत बसून खेड्यातली चूल सुधारत नाही. त्यांनी तरुण शिक्षिका हाताशी धरल्या आणि गावोगावी बायकांची मंडळं सुरू केली. कोंबड्या कशा पाळाव्यात, फळं कशी टिकवावीत, ताटात काय काय असावं, हे घरात जाऊन शिकवायचं. जिथे वीज नाही तिथे भाजणार कशात? म्हणून मातीच्या मडक्याची भट्टी तयार केली, पालायोक नावाची. आपल्याकडे वर-खाली निखारे ठेवून नानकटाई भाजत, त्याच जातकुळीतली ही युक्ती. त्यांच्या नावावर सातशेच्या वर पाककृती सांगतात.

आता थोडं आपल्या ओट्याकडे वळू या. फिलिपिनो स्वयंपाक आपल्याला परका वाटतो तो त्यातल्या डुकराच्या मांसामुळे. ते बाजूला ठेवलं तर खालची रीत ओळखीचीच निघते. सिनान्गाग म्हणजे काय? रात्रीचा उरलेला भात! तेलात ठेचलेला भरपूर लसूण मंद आचेवर गुलाबी करायचा, थोडा वरून घालायला बाजूला काढायचा, आणि हातानं मोकळा केलेला गार भात मीठ घालून मोठ्या आचेवर परतायचा. मोहरी-हळद नाही, बाकी आपला फोडणीचा भातच. आडोबोसाठी कोल्ड स्टोरेजला धावायचंही कारण नाही. चवळीच्या कोवळ्या लांब शेंगा पाव किलो, सात-आठ लसणाच्या पाकळ्या, दहा-बारा मिरी, दोन तमालपत्रं, पाव वाटी व्हिनेगर, तेवढाच सोया सॉस, अर्धी वाटी पाणी. लसूण परतून सगळं एकत्र शिजवायचं. एकच पथ्य : व्हिनेगर घातल्यावर त्याला उकळी येईपर्यंत झाऱ्या लावायचा नाही, नाहीतर उग्र वास राहतो असं सगळ्या फिलिपिनो गृहिणी सांगतात. कांगकोंगची भाजीही अशीच होते. उरलंच तर दुसऱ्या दिवशी सिनान्गागमध्ये परतून टाकायचं.

आणि काळी पडलेली केळी? चार केळी कुस्करून, परतलेला कांदा-लसूण-आलं, दोन सुक्या लाल मिरच्या, पाव वाटी गूळ, अर्धी वाटी व्हिनेगर, दोन लवंगा आणि मीठ घालून दाट होईपर्यंत आटवायचं, मग मिक्सरमधून काढायचं. रंग मातकट येतो, चव मात्र समोशाबरोबर फक्कड लागते. गुळाचं हे व्हिनेगर-केळ्याशी लग्न आमचं, ओरोसाबाईंचं नव्हे, हे कबूल करायला हवं.

असो. पुन्हा बाईंकडे.

डिसेंबर १९४१ मध्ये जपाननं हल्ला केला. जानेवारी १९४२ च्या सुरुवातीला मनिला पडलं, १५ फेब्रुवारीला सिंगापूर. इथे चांगीच्या छावणीत काय झालं ते आपण तिथल्या संग्रहालयात पाहिलेलं असतं : नुसता पांढरा भात, आणि त्यामुळे बेरीबेरी. पाय सुजतात, ताकद जाते, शेवटी हृदय थांबतं. कारण ब-१ जीवनसत्त्व असतं ते तांदळाच्या कोंड्यात, आणि तांदूळ पांढराशुभ्र सडला की कोंडा जातो. मनिलात सांतो तोमास विद्यापीठाच्या आवारात अमेरिकन आणि इतर परदेशी नागरिक डांबले होते, हजारोंनी. त्यांच्यासाठी ओरोसाबाईंनी दोन गोष्टी सिद्ध ठेवल्या होत्या. एक, दाराक, म्हणजे तांदळाच्या कोंड्याची बिस्किटं. दुसरी, सोयालॅक, सोयाबीनची पौष्टिक पूड. मूठभर पुडीवर माणूस दिवस काढू शके. पोकळ बांबूंमध्ये भरून हे पदार्थ पहारेकऱ्यांच्या डोळ्यांदेखत छावणीत पोचवले जात. एव्हाना बाई ‘मार्किंग’च्या गनिमी फौजेत कॅप्टन झाल्या होत्या. दिवसा सरकारी कचेरीत काम आणि आडून हे.

त्या अन्नावर नेमके किती जीव तगले हे मोजता यायचं नाही. पकडल्या गेल्या असत्या तर काय झालं असतं, ते मात्र त्यांना पुरतं ठाऊक असणार.

३ फेब्रुवारी १९४५ ला अमेरिकन फौज मनिलात शिरली आणि सांतो तोमासचे कैदी सुटले. शहराच्या दक्षिण भागात मात्र जपानी सैन्य ठाण मांडून होतं आणि महिनाभर गल्लोगल्ली लढाई चालली. सुमारे एक लाख नागरिक त्यात गेले. घरच्यांनी ओरोसाबाईंना गावी निघून येण्याची विनवणी केली होती. मी सैनिक आहे, जागा सोडणार नाही, या विचारानं त्या मागे राहिल्या. १३ फेब्रुवारीला कचेरीत असताना तोफगोळ्याचा तुकडा लागून त्या जखमी झाल्या. मलाते भागातल्या रेमेदियोस रुग्णालयात त्यांना नेलं, आणि त्या रुग्णालयावरच गोळे पडले. दुसरा तुकडा थेट हृदयात गेला. वय ५१. तोफा अमेरिकन होत्या. ज्यांच्या माणसांना त्यांनी चोरून जेवू घातलं, त्यांच्याच.

तेव्हा माणसं मिळेल त्या जागी पुरली जात होती, त्यामुळे त्यांची कबर पुढे कित्येक वर्षं कुणाला दाखवता येत नव्हती. २०२० साली मलातेतल्या एका कॅथलिक शाळेच्या आवारात त्यांचं नाव कोरलेला दगड सापडला. मनिलाच्या एर्मिता भागात त्यांच्या नावाचा एक रस्ताही आहे. आपल्यापैकी कुणी सुट्टीत तिकडे जाणार असाल तर तेवढी वाट जरूर वाकडी करा, आणि फोटो आम्हाला पाठवा.