फियाटच्या इंजिनामागचा हट्टी माणूस

तुमच्या घरात कुणाकडे कधीकाळी फियाट किंवा पद्मिनी होती का? असेल तर त्यांना एक प्रश्न विचारा. सिग्नलला गाडी थांबली की इंजिन थरथरायचं, आता बंद पडतंय की काय असं वाटायचं, तेव्हा काय करायचात?

उत्तर बहुतेक ठरलेलं असेल. गाडी ‘मिसिंग’ करतेय म्हणायचं आणि नाक्यावरच्या गॅरेजला न्यायची. तिथला मेकॅनिक इंजिन चालू ठेवूनच एकेका प्लगची वायर काढून बघायचा. वायर काढल्यावर थरथर वाढली, तर तो सिलिंडर ठीक. काढूनही काहीच फरक पडला नाही, तर चोर तिथेच. मग तो प्लग बाहेर काढायचा. काजळीने काळा झालेला असेल, तर पेट्रोल जास्त जातंय किंवा ठिणगी नीट पडत नाहीये. प्लग चांगले निघाले, तर डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट घासून त्यांच्यातली फट जुळवायची. मग कार्बोरेटरचा स्लो जेट साफ करायचा. तरीही भागलं नाही, तर गॅस्केटमधून इंजिन जादा हवा ओढतंय का ते शोधायचं. लॅपटॉप नाही, सेन्सर नाही. कान आणि दोन-चार पाने, बस्स.

१०८९ सीसीच्या त्या चार सिलिंडरच्या इंजिनावर मुंबईतल्या मेकॅनिकांच्या पिढ्या शिकल्या. ते इंजिन कुर्ल्यात बनायचं. आज तुम्ही कुर्ला-विद्याविहारच्या मध्ये जी कोहिनूर सिटी बघता, त्या जागेवर प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. आणि तो उभा राहिला एका माणसाच्या हट्टापायी: वालचंद हिराचंद.

वालचंद इंजिनिअर नव्हते. जन्म सोलापूरचा, २३ नोव्हेंबर १८८२. घरचा धंदा कापसाचा आणि सावकारीचा. मुंबईत आणि पुण्यात कॉलेज केलं, पण डिग्री काही पूर्ण झाली नाही. घरच्या पेढीवरही मन रमेना. लक्ष्मणराव फाटक नावाचे रेल्वेतले एक माजी कारकून भेटले आणि दोघं भागीदारीत रेल्वेची कंत्राटं घेऊ लागले. पुढे त्यांच्या कंपनीने बोरघाटात रेल्वेचे बोगदे खोदले आणि तानसा तलावातून मुंबईला पाणी आणणाऱ्या पाइपलाइनचं काम केलं. मुलुंड-घाटकोपरकडे राहत असाल, तर तानसाच्या त्या अजस्र पाइपांना तुम्ही शेकडो वेळा ओलांडलं असेल.

मग जहाजं. ५ एप्रिल १९१९ला त्यांच्या सिंदिया कंपनीचं ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघालं. समुद्रावर ब्रिटिश कंपन्यांची मक्तेदारी होती आणि भाड्याच्या युद्धात त्यांनी सिंदियाला जेरीस आणलं. पण कंपनी टिकली. ५ एप्रिलला आपण राष्ट्रीय सागरी दिन पाळतो तो याच प्रवासामुळे. डिसेंबर १९४०मध्ये त्यांनी म्हैसूर संस्थानाच्या साथीने बंगळूरला विमानांचा कारखाना काढला. तोच आजचा ‘एचएएल’. सरकारने तो १९४२मध्ये आपल्या ताब्यात घेतला.

मोटारीची गोष्ट मात्र सगळ्यात जास्त रखडली. जनरल मोटर्सने १९२८मध्येच मुंबईत गाड्या जोडायला सुरुवात केली होती. म्हणजे काय, तर सुटे भाग परदेशातून खोक्यांत यायचे, इथे बोल्ट आवळले जायचे आणि गाडी बाहेर पडायची. आपली माणसं गाडी जोडू शकत होती, बिघडली तर दुरुस्त करू शकत होती. पण सिलिंडर ब्लॉक कसा ओततात, क्रँकशाफ्ट कसा घडवतात, हे शिकायची सोय नव्हती. वालचंदांना नेमकं तेच इथे आणायचं होतं.

कागदावर योजना तयार होती, आणि ती आखणारे होते साक्षात विश्वेश्वरय्या. मुंबई प्रांतातलं खेर सरकार अनुकूल होतं. फोर्डशी बोलणी फिसकटली, पण क्रायस्लर तयार झाली. घोडं अडलं दिल्लीत. युद्ध सुरू होतं, सैन्याला ट्रक हवे होते, तरी ब्रिटिश सरकार मोटारीच्या कारखान्याला युद्धाच्या कामाचा उद्योग मानायला तयार नव्हतं. परवानगी नाही, तर यंत्रसामग्री नाही. शेवटी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली १९४४मध्ये, आणि कुर्ल्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या १९४७ साली. डॉज, प्लिमथ, डिसोटो. सुरुवातीला याही जोडलेल्याच होत्या, हे मान्य करायला हवं. इथे बनलेल्या भागांचं प्रमाण नंतर हळूहळू वाढत गेलं.

आता तारखा नीट बघा. १९४९मध्ये वालचंदांना पक्षाघाताचा झटका आला. १९५०मध्ये ते कामातून निवृत्त झाले. त्याच सुमाराला फियाटशी करार झाला. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमध्ये सिद्धपूरला ते गेले. आणि त्याच वर्षी भारत सरकारने ठरवलं की नुसत्या गाड्या जोडणाऱ्यांनी एक तर इथे भाग बनवावेत, नाहीतर गाशा गुंडाळावा. जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघीही निघून गेल्या. वालचंद जे इतकी वर्षं मागत होते ते सरकारी धोरण झालं, पण ते बघायला ते नव्हते.

फियाट ११०० कुर्ल्यातून बाहेर पडली १९५४ साली. पुढे तिचीच पद्मिनी झाली. स्पर्धा जवळजवळ नव्हती, त्यामुळे गाडी वर्षानुवर्षं फारशी बदललीच नाही आणि गिऱ्हाइकं बुकिंग करून ताटकळत राहिली. हेही त्याच धोरणाचं फळ, आणि तुमच्या आजोबांनी ते चाखलेलं असणार. पण गाडी बदलली नाही म्हणूनच तिचा प्रत्येक खोकला गॅरेजवाल्यांना पाठ झाला.

ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून अधिकृतपणे गेली. सांगलीचं इंजिनिअरिंग कॉलेज मात्र १९५५पासून वालचंदांच्या नावाने चालू आहे. तुमच्यातले काही जण सीईटी झाली की तिथला फॉर्म भरतीलच.