ज्यांच्या नावाने इंदापुरात गाव वसलं, त्या वालचंदशेठना गाडीचं इंजिन भारतातच बनवायचं होतं

जुनी प्रीमियर पद्मिनी सांभाळणारे अजूनही कमी नाहीत. अशी गाडी सुरू केल्यावर इंजिनाच्या पुढच्या बाजूने खळखळ आवाज येऊ लागला की जाणता मेकॅनिक लगेच ओळखतो, टायमिंग चेन सैल झालीय. मग पुढचं कव्हर उघडायचं, दोन्ही चक्रांवरच्या खुणा जुळवायच्या आणि नवी चेन चढवायची. एका दाताची चूक झाली तरी व्हॉल्व्ह भलत्याच वेळी उघडतात आणि इंजिन धड चालत नाही.

आज ही चेन स्पेअर पार्टच्या दुकानात मिळते. पण १९४० साली भारतात कुठल्याही गाडीची अशी चेन लागली असती, तर ती बोटीनेच यायची. चेनच कशाला, अख्खं इंजिनच बोटीने यायचं. जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत गाड्या जोडायला सुरुवात केली होती, फोर्डचंही तसंच काम चालू होतं. खोकी उघडायची, भाग जोडायचे, गाडी विकायची. घडवायचं इथे काहीच नाही.

ही गोष्ट ज्यांना खटकली त्यांच्यापैकी एक होते वालचंद हिराचंद दोशी. बारामती-इंदापूर पट्ट्यातलं वालचंदनगर त्यांच्याच नावाचं.

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घराणं मूळचं गुजराती जैन, धंदा कापसाचा आणि सावकारीचा. मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये शिकायला गेले, पण पदवी काही पूर्ण झाली नाही. घरच्या पेढीतही मन रमलं नाही. मग लक्ष्मणराव फाटक या रेल्वेतल्या माजी कारकुनाबरोबर भागीदारी करून त्यांनी रेल्वेची कंत्राटं घ्यायला सुरुवात केली. सावकाराच्या पोराने खडी-माती आणि मजुरांच्या हिशेबात शिरणं हे त्या काळी चारचौघांसारखं नव्हतं. याच कामातून पुढे १९२६ मध्ये हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी उभी राहिली.

त्याआधी १९१९ मध्ये आणखी एक उद्योग झाला होता. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांची लॉयल्टी नावाची बोट विक्रीला होती. नरोत्तम मोरारजी आणि इतरांच्या साथीने वालचंदनी ती घेतली आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ ला लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघाली. आपण दरवर्षी ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन साजरा करतो तो यामुळेच. पण ब्रिटिश बोट कंपन्यांनी भाडी पाडून सिंदियाला असं जेरीला आणलं की १९२३ मध्ये दहा वर्षांचा करार करून फक्त किनाऱ्यालगतच्या वाहतुकीवर समाधान मानावं लागलं. परक्याच्या मेहेरबानीवर धंदा करणं म्हणजे काय, हा धडा वालचंदना समुद्रावर मिळाला.

याच काळात ते उसाकडे वळले. नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ रावळगावला त्यांनी पडीक जमीन लागवडीखाली आणली. इंदापूर तालुक्यात कळंब गावाजवळ नीरेच्या कालव्याचं पाणी होतं, तिथेही मोठी शेती उभी केली. १९३२ मध्ये सरकारने देशी साखरेला जकातीचं संरक्षण दिलं आणि देशभर साखर कारखान्यांची लाट आली. कळंबलाही कारखाना उभा राहिला, त्याच्याभोवती वसाहत, शाळा, दवाखाना असं करत वालचंदनगर झालं.

ऐन गाळपात यंत्राचा भाग तुटला तर ऊस शेतात वाळतो, तो विलायतेहून सुटा भाग यायची वाट बघत नाही. त्यामुळे साखर कारखान्याला स्वतःचं वर्कशॉप लागतंच. वालचंदनगर पुढे साखर कारखान्यांची यंत्रंच बनवू लागलं, मग गिअरबॉक्स, आणि आता तर इस्रोच्या रॉकेटचे भागही तिथे तयार होतात.

गावाची एक दुसरी बाजूही सांगायला हवी. कारखान्यांकडची मोठमोठी शेती १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्याखाली सरकारने काढून घेतली आणि शेती महामंडळाकडे दिली. ज्यांच्या जमिनी एकेकाळी कारखान्यांनी खंडाने घेतल्या होत्या, त्या खंडकरी शेतकऱ्यांना त्या परत मिळवण्यासाठी पुढे अनेक दशकं भांडावं लागलं. इंदापूर तालुक्यात वालचंदशेठचं नाव निघालं की साखर आणि जमीन, दोन्ही आठवतात.

पुन्हा गाडीकडे येऊ. १९३० च्या दशकात सर विश्वेश्वरय्या भारतात मोटार कारखाना काढायची योजना घेऊन फिरत होते. वालचंदनी ती उचलून धरली आणि १९३९ च्या शेवटी थेट अमेरिका गाठली. भारताचा धंदा फोर्डच्या कॅनडातल्या कंपनीकडे होता, तिथे काही जमलं नाही. क्रायस्लरशी मात्र जुळलं.

याच प्रवासात विमानात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन विमान-व्यावसायिकाशी पडली. गाडीची बोलणी करायला निघालेल्या माणसाच्या डोक्यात विमानाचा कारखाना शिरला. म्हैसूर संस्थानाने जमीन आणि पैसा दिला आणि डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्ट सुरू झाली. आजची एचएएल ती हीच. युद्धाची गरज होती म्हणून इंग्रज सरकारने विमानाला परवानगी दिली आणि १९४२ मध्ये कारखाना ताब्यातही घेतला. विशाखापट्टणमच्या जहाज कारखान्याची पायाभरणी १९४१ मध्ये राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झाली आणि तिथून जलउषा हे जहाज १९४८ मध्ये पाण्यात उतरलं. पुढे तो कारखानाही सरकारकडे गेला.

गाडीच्या बाबतीत मात्र सरकारचा सूर वेगळा होता. विमान चालेल, मोटार नको. युद्धाच्या काळात या उद्योगाला मदत करायची सरकारची तयारी नव्हती आणि बाहेरची यंत्रसामग्री तर सरकारच्या संमतीशिवाय येणारच नव्हती. गंमत बघा, त्याच युद्धात फोर-व्हील-ड्राइव्ह विलीस जीप धावत होत्या, त्यांच्याही इंजिनात टायमिंग चेनच होती. युद्ध संपल्यावर महिंद्रांनी मुंबईत जीप जोडायला सुरुवात केली, पण सुरुवातीला तीही बाहेरून आलेल्या भागांचीच.

वालचंद थांबले नाहीत. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली, कुर्ल्याला कारखाना उभा राहिला आणि स्वातंत्र्याच्या आसपास क्रायस्लरच्या डॉज आणि प्लिमथ बाहेर पडू लागल्या. सुरुवातीला इथेही जोडणीच होती. पण जनरल मोटर्स आणि प्रीमियरमधला फरक पुढच्या हेतूत होता. प्रीमियरला एकेक भाग इथे घडवत जायचं होतं. फियाटशी करार झाला आणि छोट्या गाड्यांचा रस्ता मोकळा झाला.

तोवर वालचंद थकले होते. १९४९ मध्ये पक्षाघात झाला, १९५० मध्ये त्यांनी कामातून अंग काढून घेतलं. ८ एप्रिल १९५३ ला गुजरातमधल्या सिद्धपूरला ते गेले.

त्याच वर्षी टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून केंद्र सरकारने ठरवलं, ज्यांच्याकडे इथे भाग बनवण्याचा कार्यक्रम नाही त्यांनी गाशा गुंडाळावा. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या. प्रीमियर राहिली. कुर्ल्यात फियाट ११०० बनू लागली, तिचे भाग टप्प्याटप्प्याने देशी होत गेले आणि १९७० च्या दशकात त्याच गाडीची पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं तिचं इंजिन मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत शहरभर फिरलं. शेवटची नोंदणी झालेली पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. खासगी मालकांकडच्या पद्मिनी मात्र अजून चालू आहेत, आणि खळखळ सुरू झाली की त्यांची चेन बदलली जाते.