सार्वजनिक काकांचे बिनस्टॅम्पाचे कोर्ट

गेल्या वर्षी भिवंडीच्या दिवाणी कोर्टाबाहेर शेजारच्या वहिनींबरोबर बसलो होतो. नवऱ्याने टाकलेल्या, पोटगीचा आणि माहेरच्या दागिन्यांचा दावा लावायचा होता. कोर्ट फीचा आकडा कुणीतरी अंदाजाने सांगितला आणि त्यांचा हात नकळत उरलेल्या दोन पाटल्यांकडे गेला. दावा राहू द्या, म्हणाल्या. मला एकदम गणेश वासुदेव जोशी आठवले.

9 एप्रिल 1828 रोजी साताऱ्यात जन्मलेले जोशी पुण्यात वकिली करीत. पर्वती देवस्थानाच्या कारभाराविषयी तक्रारी होत्या. लोकांच्या वतीने बोलायचे तर लोकांचेच मुखत्यारपत्र हवे, हा अस्सल वकिली विचार. सुमारे 6 हजार लोकांच्या सह्या गोळा झाल्या आणि 2 एप्रिल 1870 रोजी पुणे सार्वजनिक सभा उभी राहिली. जोशी तेव्हापासून सगळ्यांचे सार्वजनिक काका झाले.

योगायोग पाहा, त्याच 1870 साली कोर्ट फीचा कायदा आला. दाव्याची रक्कम वाढेल तसा स्टॅम्प वाढायचा. सावकाराला तो पेलत असे, कुळाने कुठून आणावा? 1875 च्या मे महिन्यात सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, त्यामागे कोर्टाच्या हुकूमनाम्यांची धास्तीही होती. नादारासाठी फीची सवलत कायद्यात तेव्हाही होती, नाही असे नाही. पण आधी आपली गरिबी सिद्ध करायची, मग दावा. आणि हरलात तर तीच फी पुन्हा मानगुटीवर!

काकांनी लवाद कोर्टाची वाट धरली. दोन्ही पक्षांनी राजीखुशीने यायचे, जाणत्या पंचांनी ऐकून निवाडा द्यायचा. ना स्टॅम्प, ना हेलपाटे. 1872 मध्ये स्वदेशीची शपथ घेऊन काका स्वतः कातलेल्या सुताचे कपडे वापरू लागले आणि 1877 च्या दिल्ली दरबारात त्याच वेषात गेले, ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. यंत्रमागांच्या खडखडाटात राहणाऱ्या मला तिचे कौतुक आहेच. तरी वकिलाने वकिलांचीच गिऱ्हाइके कमी करणारी योजना काढावी, हे मला जास्त अवघड वाटते.

योजनेत एक उणीव होती. दुसरा पक्ष आलाच नाही, तर पंचांच्या हाती बेलिफ नव्हता. काकांना वेळही थोडाच मिळाला. 1879 मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांच्या बचावासाठी ते कोर्टात उभे राहिले आणि 25 जुलै 1880 रोजी, बावन्नाव्या वर्षी गेले.

आज लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला हुकूमनाम्याची ताकद असते आणि भरलेली कोर्ट फीही परत मिळते. काकांच्या पंचांना हे हवे होते. शिवाय 1 ऑक्टोबर 1994 च्या अधिसूचनेने महाराष्ट्र सरकारने पोटगी, घटस्फोट अशा प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फी माफ केली आहे. काकांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी पुण्यात स्त्रीविचारवती सभा काढली होती. त्यांना हे ऐकून बरे वाटले असते.

वहिनींना हे वकिलांनी सांगितले, तेव्हा त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग अर्जावर सही केली. पाटल्या हातातच आहेत. पहिल्या तारखेला नवरा आला नाही. आता पुढची तारीख दिवाळीनंतर.