व्हायोलेट आल्वा : सेवामय जीवन

सार्वजनिक जीवनात ख्रिस्ती स्त्रियांचे स्थान काय, हा प्रश्न मनात येताच आम्हां सोलापूरच्या भाविकांना व्हायोलेट आल्वा यांचे स्मरण होते. २४ एप्रिल १९०८ रोजी अहमदाबाद येथे अँग्लिकन धर्मगुरू लक्ष्मण हरी यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. सोळाव्या वर्षी आईवडिलांचे छत्र हरपले. थोरल्या भावंडांनी त्यांना शिकविले. मुंबईत त्या वकील झाल्या आणि १९३७ साली कॅथोलिक देशभक्त जोकिम आल्वा यांच्याशी विवाहबद्ध झाल्या. १९४३ साली ब्रिटिश सरकारने अटक केली तेव्हा पाच महिन्यांच्या बाळाला कुशीत घेऊन त्यांनी आर्थर रोड तुरुंगात कारावास भोगला. पुढे १९४८ ते १९५४ या काळात हीच माता बाल न्यायालयाच्या अध्यक्षस्थानी बसून वाट चुकलेल्या मुलांना न्याय देत होती.

१९५२ साली त्या राज्यसभेच्या सदस्य झाल्या, १९५७ साली केंद्रीय गृह उपमंत्री आणि १९६२ साली राज्यसभेच्या पहिल्या महिला उपसभापती. १९६९ साली उपराष्ट्रपतिपदासाठी इंदिरा गांधी यांचा पाठिंबा त्यांना लाभला नाही. नोव्हेंबरमध्ये त्यांनी पदत्याग केला व अवघ्या काही दिवसांत, २० नोव्हेंबर रोजी, त्यांचे निधन झाले.

पद गेले, सेवा मात्र उरली. आपल्या धर्मग्रामातील कन्यांना हे चरित्र आपण अवश्य सांगू या.